छिद्रांचे अर्थकारण



कुंभार माठाच्या मातीत लीद आणि राख मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते, तिच्या जागी सूक्ष्म पोकळ्या उरतात, त्यांतून पाणी पाझरून बाष्परूपाने उडते आणि आतले पाणी थंड राहते. चीनमधील शेनझेन शहरात ई-सिगारेटच्या तापकासाठी जे सच्छिद्र सिरॅमिक तयार होते, त्याचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. फरक आहे तो मोजमापाच्या काटेकोरपणाचा आणि पाठीशी उभ्या असलेल्या भांडवलाचा. आजच्या विवेचनाचा विषय हा दुसरा फरक होय. परंतु पहिला समजून घेतल्यावाचून दुसऱ्याचे मर्म ध्यानी येणार नाही.

होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली आधुनिक ई-सिगारेटचे पेटंट मागितले. तीत तंबाखू जळत नाही. प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्ये यांचे मिश्रण तापवून त्याची वाफ ओढावयाची असते. पुढे रूढ झालेल्या उपकरणांत काचतंतूंची किंवा कापसाची वात आणि तिला तारेचे वेटोळे अशी रचना असे. वात कोरडी पडली की कापूस करपतो आणि अतितापामुळे द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखी घातक द्रव्ये निर्माण होतात. या अडचणीवर सच्छिद्र सिरॅमिक हा तोडगा निघाला. शेनझेनच्या स्मूर कंपनीने असा तापक २०१६ साली 'फीलम' या नावाने बाजारात आणला. जुलै २०२० मध्ये या कंपनीचे भाग हाँगकाँगच्या शेअरबाजारात विक्रीस आले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. डायॅटमी माती, ॲल्युमिना, सिलिका यांच्या चूर्णात बंधक म्हणून काचेची पूड आणि जळून जाण्यासाठी स्टार्च किंवा प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी घालतात. भाजल्यानंतर वस्तूचे निम्मे वा त्याहून अधिक आकारमान पोकळ राहते. छिद्रांचा व्यास काही दशक मायक्रॉन, म्हणजे मानवी केसाच्या जाडीच्या आसपास. छिद्रे मोठी झाली तर द्रव गळतो. फार लहान झाली तर केशाकर्षणाने वर चढणारा द्रव अपुरा पडतो आणि पृष्ठभाग कोरडा तापतो. पोकळी वाढवावी तर ताकद घटते आणि कण सुटून वाफेत जाण्याची भीती; ताकद वाढवावी तर प्रवाह मंदावतो. पृष्ठभागावर छापलेला धातूचा पातळ थर आणि सिरॅमिक यांचे प्रसरण जुळले नाही, तर वारंवारच्या तापण्या-निवण्याने तडे जातात. हे सर्व एकाच वेळी साधणारे शास्त्रज्ञ कुशल आहेत, यात शंका नाही.

प्रश्न आहे तो हे कौशल्य कोणाच्या चाकरीस लागते हा. डायॅटमी मातीचाच इतिहास पाहा. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली तिच्या छिद्रांत नायट्रोग्लिसरीन जिरवून डायनामाइट केले. १८९१ च्या सुमारास जर्मनीत बर्केफेल्डने तिच्यापासून पाणी गाळण्याच्या नळकांड्या बनविल्या आणि १८९२ च्या हँबुर्गच्या पटकीच्या साथीत त्या उपयोगी पडल्या. भारतीय स्वयंपाकघरांतला कँडलचा फिल्टर हा त्यांचाच वंशज. ग्वाटेमालात १९८१ साली फर्नांडो मझारिएगोस यांनी मातीत लाकडाचा भुसा मिसळून, वर चांदीचा सूक्ष्म लेप देऊन, गरिबांना परवडेल असे गाळणीचे भांडे सिद्ध केले. 'पॉटर्स फॉर पीस' ही संघटना ते तंत्र ठिकठिकाणच्या कुंभारांना मोकळेपणाने शिकविते. छिद्र तेच, त्यातून स्फोटक जावे, पाणी जावे की निकोटिन, हे माती ठरवीत नाही.

मग कोण ठरविते? बाजारपेठेत गरजेला नव्हे, तर क्रयशक्ती असलेल्या मागणीला मान असतो, आणि व्यसनाइतकी भरवशाची मागणी दुसरी नाही. गाळणी एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते. निकोटिनचे गिऱ्हाईक मात्र पुनःपुन्हा परतते. अमेरिकेतील आल्ट्रिया या सिगारेट कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये जूल या ई-सिगारेट कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना घेतला, तो याच हिशेबाने. हा सौदा फसला आणि २०२३ मध्ये आल्ट्रियाने तो हिस्सा सोडला, ही गोष्ट वेगळी.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जळत्या तंबाखूपेक्षा ई-सिगारेट कमी घातक आहे, असे ब्रिटनची सार्वजनिक आरोग्ययंत्रणा मानते आणि धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांना तिची मदत होते, असा पुरावाही आहे. अशा माणसासाठी न करपणारा तापक हा खरा लाभ होय. परंतु तोच तापक, फळांचे स्वाद आणि आकर्षक वेष्टन घेऊन, कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलांच्या हाती जातो, तेव्हा हा युक्तिवाद लंगडा पडतो. चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वदेशात तंबाखूखेरीज अन्य स्वादांच्या विक्रीस मनाई केली. निर्यातीच्या मालाला मात्र ही मनाई नाही. स्वतःच्या मुलांना जे वर्ज्य, ते दुसऱ्यांच्या मुलांना विकावयास हरकत नाही, असा याचा अर्थ होतो.

भारताने १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने, आणि त्याच वर्षी कायद्याने, ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, विक्री व जाहिरात बंद केली. हे योग्य झाले. पण तेवढ्यावर समाधान मानणे हा भाबडेपणा ठरेल. विडी आणि सिगारेट राजरोस विकल्या जातात आणि सार्वजनिक मालकीचे आयुर्विमा महामंडळ आयटीसी या सिगारेट कंपनीचे मोठे भागधारक आहे. नव्या व्यसनास बंदी आणि जुन्या व्यसनात भागीदारी, ही विसंगती कार्यकर्त्यांनी जनतेसमोर मांडली पाहिजे. विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या पर्यायी रोजगाराची मागणीही तिच्या जोडीनेच केली पाहिजे.

बंदी ही केवळ नकारात्मक कृती आहे. छिद्रांचे हे शास्त्र वापरणारी सार्वजनिक मागणी उभी करणे, ही तिची दुसरी आवश्यक बाजू होय. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने सच्छिद्र सिरॅमिक पटलांच्या साह्याने पाण्यातील आर्सेनिक व लोह काढण्याचे तंत्र विकसित केले आहे. ज्ञान आहे, माती आहे, तहानलेली गावेही आहेत. उणीव आहे ती खात्रीच्या ग्राहकाची. तो ग्राहक शासनाने व्हावयास हवे. पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकात अशा गाळण्यांची खरेदी आणि देखभाल यांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, ही मागणी ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत लावून धरता येईल. तरतूद झाली तर शास्त्रज्ञ आणि कारागीर दोघांनाही काम मिळेल. ती झाली नाही, तर कुशल हात निकोटिनचा झुरका अधिक मुलायम करण्यात गुंतलेले राहतील, आणि त्याचा दोष केवळ त्या हातांना देता येणार नाही.