उचल एकदाच घेतली ना?

(सहायकांच्या तिमाही सभेत संगणक वर्गाच्या शिक्षकांनी केलेले भाषण)



शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांतील मुलांसाठी दर शनिवारी चालणाऱ्या आमच्या संगणक वर्गाविषयी दोन शब्द बोलायला मला सांगितले आहे. वर्ग कसा चांगला चालला आहे हे सांगण्याऐवजी मी माझी एक चूक सांगतो. तिच्यातूनच वर्गाला वळण लागले.

आम्ही मुलांना स्क्रॅच शिकवतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार झालेली ही प्रोग्रामिंगची भाषा २००७ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात सूचना टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की प्रोग्राम तयार होतो. इंटरनेट नसतानाही ते चालते, म्हणून आमच्याकडे सोयीचे.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपला प्रकल्प सर्वांसमोर मांडायचा असतो. नववीतली एक कातकरी मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिने भट्टीचा हिशेब करणारा प्रोग्राम केला होता. समजायला सोपे जावे म्हणून आकडे तिने मनाचेच घेतले होते: आठवड्याला ५,००० विटा, हजाराला ६०० रुपये, दर आठवड्याची खर्ची १,००० आणि सुरुवातीला घेतलेली उचल ४,०००. चार आठवड्यांनी पडद्यावर उत्तर आले: ८,००० रुपये देणे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "छान!" मागे एक सहावीतला मुलगा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलून हसला. मी त्याला दटावले, "कुणाच्या कामाला हसायचं नाही." तो गप्प बसला.

सगळे गेल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. तो मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, उचल एकदाच घेतात ना? मग ताईच्या प्रोग्राममध्ये ती दर आठवड्याला का कापली जाते?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. उचल वजा करण्याचा ठोकळा 'पुन्हा पुन्हा करा' या ठोकळ्याच्या आत बसला होता. ४,००० एकदा नव्हे, चार वेळा कापले जात होते. खरे उत्तर होते ४,००० रुपये येणे.

पुढच्या शनिवारी मी तिला विचारले, "देणं निघालं तेव्हा तुला काही खटकलं नाही?" ती म्हणाली, "भट्टीवर असंच निघतं, सर."

बंधू-भगिनींनो, हे उत्तर मला अजून टोचते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. पण अंगावर देणे निघणे इतके सवयीचे झाले आहे, की चुकीचा आकडाही खरा वाटतो. तो मलाही खरा वाटला. मुलीचे मन दुखू नये म्हणून मी टाळ्या वाजवल्या, आणि ज्याने चूक पाहिली होती त्यालाच गप्प केले.

त्याच १९७६ साली आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रोग्राम चालवण्याआधी सहकाऱ्यांनी एकत्र बसून तो नीट वाचायचा आणि चुका शोधायच्या. मात्र सापडलेल्या चुकांवरून लिहिणाऱ्याची लायकी ठरवायची नाही, असा त्यांचा आग्रह होता. मोठमोठ्या अभियंत्यांना जे लागते, ते आमच्या मुलांना का लागू नये?

आता आमच्या वर्गात तीन नियम आहेत. मांडणाऱ्याने आधी सांगायचे, "माझ्या प्रोग्रामने हे करायला हवं." ऐकणाऱ्याने काय जमले ते नेमके सांगायचे; नुसते 'छान' चालत नाही. मग एक प्रश्न विचारायचा, आणि तो ठोकळ्यांबद्दल असला पाहिजे, माणसाबद्दल नाही. मांडणाऱ्याने लगेच वाद घालायचा नाही. "तपासून पाहते" म्हणायचे आणि खरोखरच तपासायचे.

त्या मुलीने उचलीचा ठोकळा बाहेर काढून प्रोग्राम पुन्हा मांडला. पडद्यावर '४,००० येणे' आले. ती थोडा वेळ बघत राहिली. मग त्या मुलाकडे वळून म्हणाली, "अजून काय चुकलंय?"

तो म्हणाला, "ताई, अवकाळी पावसात कच्च्या विटा भिजल्या तर? त्या कोणाच्या हिशेबात?"

वर्ग शांत झाला. त्या विटा थापायची मेहनत तर झालेली असते. तिने वहीत लिहून घेतले: "भिजलेल्या विटा – बाबांना विचारणे."

पुढच्या सादरीकरणाला आपण जरूर या. टाळ्या वाजवा, मुलांना आनंद होईल. पण येताना प्रत्येकाने एक खरा प्रश्नही आणा. आपले काम कुणीतरी लक्ष देऊन पाहिले, हे मुलांना त्यातूनच कळते.