शब्द कळले, तर व्यवहार कळेल



१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आज कोथरूडचा लहान दुकानदारही त्यावर धंदा करतो. पण त्यातील शब्दांचा अर्थ विचारत नाही. नुकसान होते ते येथेच.

जोडणी घेताना वेग ‘१०० एमबीपीएस’ सांगतात. हे मेगाबिट होत, मेगाबाइट नव्हेत. ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट. ‘डाउनलोड’ म्हणजे आपल्याकडे येते ते, ‘अपलोड’ म्हणजे आपण पाठवतो ते. गिऱ्हाइकाला मालाचे फोटो पाठवणाऱ्याने दोन्ही वेग विचारून घ्यावेत.

‘ओटीपी’ म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा आकडा. तो फोनवर कोणालाही सांगू नये. ‘यूपीआय पिन’ ही तर गल्ल्याची किल्ली. पैसे देताना ती लागते, घेताना कधीच नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे म्हणणारा ठगच समजावा. फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री जेवताना आईवडिलांना एवढे शब्द समजावून सांगा. शिक्षणाचा पहिला उपयोग घरातच झाला पाहिजे.