सही दिल्लीची, अंगठा कोणाचा?

(बोईसरच्या कामगार वस्तीत तरुणांपुढे केलेलं भाषण)



बँक म्हटली की आपल्याला पासबुक आठवतं. आज ज्या बँकांवर बोलायचंय त्यांच्या खिडकीवर देश रांगेत उभे असतात. कर्ज देश घेतो. आणि देश म्हणजे कोण, हाच आपला सवाल आहे.

२०१४ साली ब्राझीलमधल्या फोर्टालेझा शहरात ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांनी नवी विकास बँक काढायचा करार केला. तिचं मुख्यालय शांघायला. पाठोपाठ बीजिंगला आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक निघाली आणि २०१६ ला तिचा कारभार सुरू झाला. दोन्हींत भारत संस्थापक सभासद. जागतिक बँकेत अमेरिकेचा शब्द चालतो, म्हणून हे नवं घर बांधलं, असं सांगितलं गेलं. एकजण म्हणतो, देशाची मान उंचावली. दुसरा म्हणतो, चिनी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसलो. आपण कुणाच्या बाजूचे?

उत्तर शोधायला शांघायला जायला नको. तारापूर इथं शेजारीच आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या कर्जावर, अमेरिकन कंपनीनं उभ्या केल्या. १९६९ ला त्या चालू झाल्या. इंधनही अमेरिकेकडूनच घ्यायचं, असा करार. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला, आणि पुढं अमेरिकेनं इंधनाचा हात आखडला. १९८२ ला फ्रान्सचं दार ठोठवावं लागलं. एकाच सावकाराच्या दारात गेलं की हे असं होतं. म्हणून माझं पहिलं म्हणणं सरळ आहे. जिथं नुसता हात पसरायचा त्या दारापेक्षा जिथं आपल्याला मत आहे ती बँक बरी. नव्या विकास बँकेत सुरुवातीला पाचही देशांचा वाटा सारखा, प्रत्येकी २० टक्के. बीजिंगच्या बँकेत तसं नाही. तिथं चीनची मतं २६ टक्क्यांच्या आसपास, आपली साडेसातच्या आसपास. सगळ्यात मोठ्या निर्णयांना ७५ टक्के लागतात, म्हणजे चीन एकटा आडवा पडू शकतो. तरीही देशानं आत जावं, असंच मी म्हणेन.

पण इथंच थांबलो तर हे भाषण अर्थमंत्र्याचं होईल. देशाला मत मिळालं म्हणून पोफरणला मिळालं काय? तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. या भट्ट्या तर स्वदेशी! ना अमेरिका, ना चीन. तरी माणसं उठलीच, आणि पुनर्वसनासाठी त्यांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली. परका सावकार नसला की आपलं घर वाचतं, हा भ्रम ज्याला असेल त्यानं त्या गावकऱ्यांना भेटावं.

नर्मदेचं बघा. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ ला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. लोक लढले, बँकेला मोर्स समिती नेमावी लागली, १९९२ ला समितीनं तिचे वाभाडे काढले. १९९३ ला आपल्या सरकारनंच उरलेलं कर्ज सोडून दिलं. बँक गेली, धरण मात्र चढत राहिलं आणि अक्कलकुव्याची आदिवासी गावं बुडाली. पण त्याच लढ्याच्या रेट्यानं जागतिक बँकेला बाधितांची तक्रार ऐकणारं पॅनेल काढावं लागलं. बीजिंगच्या बँकेतही आज तक्रारीची तशी सोय आहे. कुणा साहेबाच्या दयेनं ती आलेली नाही.

आता आपल्या रुळांवर येऊ. विरार ते डहाणू रोड ६४ किलोमीटर. अप-डाऊनच्या दोन मार्गांवरच लोकल, मेल, मालगाडी सगळं कोंबलेलं. या गाडीला लोंबकळून कामावर जातो कोण? आपणच. इथं आणखी दोन मार्ग टाकायचं काम ज्यात येतं त्या रेल्वे प्रकल्पाला बीजिंगच्या बँकेचं ५० कोटी डॉलरचं कर्ज आहे. २०२० ला सह्या झाल्या. हे मार्ग आपल्याला हवेत. जपानच्या कर्जावरची बुलेट ट्रेन आली तेव्हा पालघरमधल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, कारण ती गाडी कुणाची हे त्यांना कळत होतं. विकासाचं कर्ज आणि मिरवायचं कर्ज, दोन्हींत फरक करायची अक्कल आपल्या माणसांत आहे. त्यांना विचारतो कोण?

आणि कर्ज डॉलरमध्ये आहे, हे विसरू नका. २०१९ च्या डिसेंबरात डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढं गेला. ५० कोटी डॉलर तेव्हाच्या भावानं ३,५५० कोटी रुपये, ८५ च्या भावानं ४,२५० कोटी. कागदावरच्या हिशोबात ७०० कोटी नुसत्या भावानं वाढले! बाबासाहेबांनी १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, आणि पुढं हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष दिली. रुपया घसरला की मजुरीवर जगणाऱ्याचं पोट मारलं जातं, हे त्यांनी गोऱ्या साहेबांना सुनावलं. आपण त्यांचा फोटो लावतो, तो हिशोब वाचत नाही.

याच जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडं लग्नगडी होते. लग्नासाठी चार पैसे घेतले की वारली नवरा-बायको सावकाराकडं जन्मभर राबायची. वही सावकाराची, अंगठा वारल्याचा. १९४५ ला गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वारली उठले आणि ती गुलामी मोडली. आजची वही इंग्रजीत आहे आणि दिल्लीच्या कपाटात आहे, एवढाच फरक.

म्हणून, सरकार, जरूर सामील व्हा. पण आमच्या अटींवर. करार मराठीत आणा, आणि सही करण्याआधी ग्रामसभेत, वस्तीत वाचून दाखवा. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेचा सल्ला घ्यायला सांगतो. आम्हाला सल्ला नको, संमतीचा हक्क हवा. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही तो झोपडीवाला, तो शेतमजूर, ती मासळी विकणारी बाई, यांची नावं यादीत पहिली घ्या. नव्या विकास बँकेनं २०२२ ते २०२६ च्या धोरणात ३० टक्के कर्ज सभासद देशांच्या चलनात द्यायचं ठरवलं आहे. तिथं आपल्याला मत आहे ना? मग रुपयात कर्ज मागा!

आणि दोस्तहो, तुम्ही. ‘अर्थकारण आपल्याला कळत नाही’ असं म्हणणारा तरुण हा सावकाराचा सगळ्यात लाडका गिऱ्हाईक. आपल्या आज्याला अंगठा उठवावा लागला, कारण त्याला वाचू दिलं नव्हतं. आपल्याला वाचता येतं. प्रकल्पाची कागदपत्रं मागा, चारजण मिळून वाचा, न कळलं तर विचारा, आणि गाडीच्या डब्यात, नाक्यावर, पाड्यावर जाऊन सांगा. जी वही आपण वाचली नाही, तिच्यावरचं कर्ज आपलं नाही!

जयभीम!