शक्तीची शिस्त



 विषय आपल्या घरच्या मुलांचा आहे, म्हणून थोडक्यात पण मोकळेपणाने सांगतो.

बीदर-कलबुर्गीकडील आपल्या खेड्यांना शक्तीचे खेळ नवे नाहीत. जत्रेत दगडी गोटी उचलण्याची चढाओढ आपल्याला ठाऊक आहे. आपले कन्नड बांधव त्या गोटीला ‘गुंडू’ म्हणतात. गोटी खांद्यावर गेली की काम फत्ते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत मात्र तेवढ्याने भागत नाही. खांद्यावर वजन घेऊन बैठक, बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलणे, आणि जमिनीवरून वजन उचलून ताठ उभे राहणे, असे तीन प्रकार. प्रत्येकी तीन संधी. बाकावर वजन छातीशी आणून स्थिर धरावे लागते. पंचाचा हुकूम होण्याआधी हात वर गेला, तर अंगात कितीही बळ असो, ती संधी बाद. एखाद्या प्रकारात तिन्ही संधी बाद झाल्या, तर एकूण वजनाच्या स्पर्धेतून नाव बाद.

ही शिस्त स्पर्धेच्या दिवशी अंगी येत नाही. ती रोजच्या तालमीत, वेळेवरच्या झोपेत आणि थोडेथोडे वजन वाढवण्याच्या धीरात मुरते.

याच्या जवळचा खेळ वेटलिफ्टिंग. सांगलीच्या संकेत सरगरच्या वडिलांचे पान-चहाचे दुकान. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो उचलले. मलेशियाच्या खेळाडूने २४९. कोपर दुखावले असतानाही त्याने शेवटची संधी घेतली, ती साधली नाही. एका किलोने सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. पण ते २४८ किलो एका दिवसाचे नव्हते. टाळ्या वाजवायला कोणी नव्हते त्या वर्षांचे होते.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलगा तालमीतून आला की आपण विचारतो, “किती उचललेस?” मग आकड्यासाठी तो झेपेल त्याहून जास्त वजन घेतो, कंबर धरून बसतो आणि तालीम सोडतो. कोणी झटपट बळाच्या औषधांच्या नादी लागतो. त्यापेक्षा “आज गेला होतास ना?” एवढेच विचारावे. मुलींनाही हेच विचारावे, आणि त्यांना जाऊ द्यावे.