चिंच आपली, भाव कुणाचा?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांबरोबर काम करणाऱ्या आम्ही सगळ्या जणी आज तुमच्याशी आपल्या बांधावरच्या चिंचेविषयी बोलणार आहोत.

पाडव्याला कडुलिंबाच्या फुलोऱ्यात गुळाबरोबर चिंच लागते. आमटीला लागते, तांब्याची भांडी घासायला लागते, डोहाळे लागलेल्या लेकीला तर हमखास लागते. चिंचोली नावाची गावं आपल्याकडे जागोजागी आहेत. त्यामुळे चिंच मूळची इथलीच, असं आपल्याला वाटतं.

पण चिंचेचं माहेर आफ्रिका. फार जुन्या काळी ती आपल्याकडे आली आणि इथल्या मातीत रुजली. अरबी लोकांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं. त्यावरूनच इंग्रजीत टॅमरिंड हा शब्द आला. १७५३ मध्ये लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिलं, त्यातही 'इंडिका' आहेच. लेक परक्या घरची, पण नाव लागलं सासरचं!

किवी या फळाचंही असंच आहे. ते मूळचं चीनचं. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेने त्याचं बी न्यूझीलंडला नेलं. १९५९ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याला आपल्या देशातल्या किवी पक्ष्याचं नाव दिलं. पुढे तिथले शेतकरी एकत्र आले आणि एकाच नावाखाली परदेशात माल विकू लागले. आज ते फळ त्यांच्या देशाची ओळख आहे आणि त्या ओळखीचा पैसा शेतकऱ्यांच्या घरात येतो.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. २०२४ मध्ये निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं. ठरलेल्या भागातली चिंच असेल आणि उत्पादकाने आपली नोंदणी केली असेल, तरच हे मानांकन लावून माल विकता येतो. पानचिंचोली भागातल्या मैत्रिणींनो, ही नोंदणी घरातल्या बाईच्या किंवा गटाच्या नावावर होते का, याची चौकशी जरूर करा.

बाकीच्यांनी काय करायचं? आमच्या एका गटाची गोष्ट सांगतो. त्या बाया दरवर्षी झाडं उक्ती द्यायच्या. व्यापारी फुलोरा बघून रक्कम ठरवायचा, आणि मग त्याच झाडांची चिंच या बाया त्याच्याकडे किलोवर मजुरी घेऊन फोडायच्या. बोटं सोलून निघायची. गर त्याचा, चिंचोकेही त्याचेच.

एका वर्षी त्यांनी झाडं दिली नाहीत. दोघी-तिघींना घरखर्चाला लगेच पैसे हवे होते, त्यावरून वादही झाला. मग गटाच्या बचतीतून त्यांना उचल दिली. चिंच झोडपून वाळवली, फोडण्याआधी आणि फोडल्यावर दोन्ही वेळा वजन केलं, वहीत लिहिलं. सुगी सरल्यावर गर मोंढ्यात नेला. चिंचोके वेगळे विकले. चिंचोक्याची खळ सुताला आणि घोंगडीला लागते, त्यामुळे त्यालाही गिऱ्हाईक असतं. खर्च जाऊन जे उरलं, ते उक्त्या रकमेपेक्षा जास्त होतं. मोठी गोष्ट म्हणजे, आपल्या झाडाला किती माल येतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

तेव्हा यंदा एवढं करा. झाड उक्तं देण्याआधी गटात बसून हिशेब मांडा. तराजू आपला ठेवा. चिंचोके फुकट देऊ नका. आणि पावसाळ्यात बांधावर एक तरी रोप लावा. फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतील, पण चिंच शंभर वर्षं उभी राहते. आज आपण खातो ती आपल्या आजेसासूबाईंच्या काळात कुणीतरी लावलेली आहे.

चिंच दुरून आली आणि आपल्या देशाचं नाव मिळवून बसली. तिला जपणाऱ्या, फोडणाऱ्या बाईचं नावही हिशेबाच्या वहीत लागायला हवं.