आयटीआयची फी आणि हाताशी असलेली मदत

दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर व्हायचंय, पण पैशांचं काय? आज त्याबद्दल.

सरकारी आयटीआयची फी खाजगी संस्थेपेक्षा बरीच कमी असते. म्हणून पसंतीक्रम भरताना सरकारी संस्था आधी लिहा. खाजगी आयटीआयमध्ये जावं लागलं, तरी प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. प्रशिक्षण शुल्काच्या प्रतिपूर्तीची महाराष्ट्र राज्याची योजना या फेरीतल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी आहे. परस्पर संस्थेत घेतलेल्या प्रवेशावर ती मिळत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण रक्कम थेट खात्यात येते. आणि दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण विसरू नका!

आईवडील नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या शैक्षणिक योजनांचीही चौकशी करा.

तरीही पैसे कमी पडले, तर केंद्राची कौशल्य कर्ज योजना आहे. २०२४ मध्ये तिची मर्यादा दीड लाखांवरून साडेसात लाख रुपये झाली. पण कर्ज फेडावं लागतं, म्हणून आधी शिष्यवृत्ती, मग कर्ज.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी केलीत, तर कारखान्यात शिकताना दरमहा विद्यावेतनही मिळतं.

एजंटला पैसे देऊ नका. माहितीसाठी जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन विचारा.