पहारेकऱ्यांचा लगाम

पैठणच्या मागावर विणलेल्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनीं सारखाच दिसतो. सुलट कोणती आणि उलट कोणती, हें ओळखण्यास जाणती नजर लागते. कर्करोगाची पेशी ओळखणें शरीरास अवघड जातें तें अशाच कारणानें. जंतु परका असतो. ही पेशी मात्र शरीराच्याच सुताची. तरीहि तिच्यांत झालेले फेरफार रक्तांतल्या पहारेकरी टी-पेशी पुष्कळदां हेरतात. मग त्या तिला मारीत कां नाहींत?

पहारेकऱ्यांनीं चवताळून स्वतःचेंच घर जाळूं नये म्हणून निसर्गानें त्यांना लगाम घातले आहेत. टी-पेशीवरील पीडी-१ हा त्यांपैकीं एक. अर्बुदाच्या पेशी तो खेचणारें पीडी-एल१ हें प्रथिन अंगावर धारण करतात, आणि चालून आलेली टी-पेशी जागच्या जागीं थिजते. पीडी-१ चा शोध लावणारे तासुकु होंजो आणि अशाच दुसऱ्या लगामाचे अभ्यासक जेम्स ॲलिसन यांना २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

निव्होलुमॅब हें औषध पीडी-१ चा लगाम सोडवितें. तंबाखूपायीं तोंडाचा कर्करोग जडलेला पैठणचा रुग्ण सुमारें ५० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयांत पोहोंचूं शकतो. पण या औषधाच्या पूर्ण मात्रेचा खर्च बहुतेक घरांच्या आवांक्याबाहेरचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉक्टरांनीं म्हणून निराळी वाट धरली. प्रचलित मात्रा दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. त्यांनीं स्वस्त, पोटांत घेण्याच्या औषधांच्या जोडीस तीन आठवड्यांस केवळ २० मिलिग्रॅम दिलें. डोकें व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील हा प्रयोग २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. नुसत्या पोटांतल्या औषधांवर वर्षानंतर शेंकडा १६.३ रुग्ण हयात होते. निव्होलुमॅब मिळालेल्यांत ४३.४. कमी मात्रा म्हणजे गरिबांसाठीं उणा उपचार, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु टी-पेशींवरील पीडी-१ थोड्या औषधानेंहि व्यापले जातात. पूर्ण मात्रेशीं समोरासमोर तुलना मात्र या प्रयोगांत नव्हती.

आणि तरीहि, औषध मिळालेल्यांपैकीं अर्ध्याहून अधिक वर्षाच्या आंतच गेले. लगाम सोडला तरी पहारेकरी जागेवर हवा. कांहीं अर्बुदांत टी-पेशी शिरतच नाहींत. कांहींच्या भोंवतीं इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी जमलेल्या असतात. कांहीं अर्बुदें ओळख पटविणारे तुकडे पृष्ठभागावर मांडणेंच सोडून देतात. आरंभीं ओसरलेला आजारहि याच वाटांनीं परततो. अर्बुदाचा तुकडा रंगवून पीडी-एल१ किती आहे तें पाहतात. पण तें भरपूर असूनहि औषध कित्येकांस लागूं पडत नाहीं, आणि नसूनहि कांहींना पडतें.